तांबड्याबद्दल कुणी विचारलं नाही

औराद, ११ एप्रिल २०२५

अनिलकुमार,

नावाआधी ‘चि.’ लिहिलेलं नाही. विसरले नाही, हात अडला.

काल सभा संपल्यावर तू कंपनीच्या जीपमध्ये बसलास आणि काच वर केलीस. उन्हाचे दिवस आहेत, आत थंड हवा असेल, समजू शकते. पण मी जीपपर्यंत आले होते. काचेवर माझा हात होता आणि तू समोर बघत होतास. म्हणून पत्र. भाषणात मला कुणी अडवू शकत नाही हे तुला ठाऊक आहे. पत्रात तर तुझाही इलाज नाही. वाचवत नसेल तर श्रीदेवीकडं दे. तुझी बायको निदान शेवटपर्यंत वाचेल.

जे घडलं ते आधी लिहून काढते, म्हणजे उद्या तू म्हणायला नको की अक्का तिखटमीठ लावते.

तहसीलदारांनी गावात सभा बोलावली. बिरोबाच्या देवळापुढं मंडप, पडदा, माईक. विषय एकच, आपला माळ: गायरानाची सगळी जमीन सौर प्रकल्पाला द्यायची की नाही. मी उठले. सूर्याची वीज नको असं मी म्हटलं नाही, कधीच म्हटलेलं नाही. म्हटलं, बंद पडलेल्या खाणी आहेत, कालव्याचे काठ आहेत, सरकारी इमारतींची छपरं आहेत. मग माळच का? तर तो तुम्हाला रिकामा दिसतो म्हणून! आणि मग मी तांबड्या चंडोलाचं सांगितलं. दख्खन आणि वरचा थोडा मध्य भारत सोडला तर हे पाखरू जगात कुठं नाही. ते आपल्या माळावर आहे. आणि ते माझ्या बापाची शिट्टी वाजवतं. पिराप्पानं जन्मभर ज्या शिट्टीनं मेंढरं पाण्याकडं वळवली ती शिट्टी. पिराप्पा गेला, मेंढरं विकली गेली, पण संध्याकाळी माळावर जा, वरून आवाज येतो: पाण्याकडं चला.

लोक टाळ्या वाजवत होते. म्हाताऱ्या बाया डोळे पुसत होत्या. तेव्हा मी म्हटलं, “आता मी खाली बसते. माझा भाऊ बोलेल. पाखरांचं शिक्षण त्यानं घेतलंय, सौर कंपनीनं माळावरची पाखरं मोजायला त्यालाच नेमलंय, आणि तो पिराप्पाचा मुलगा आहे. तो सांगेल ते मला मान्य.”

तो सांगेल ते मला मान्य. अख्ख्या गावासमोर बोलले मी हे.

तू उठलास. साहेबांसाठी कानडीत सुरुवात केलीस, मग मराठीत आलास. “अक्का, एक विचारू का?” म्हणालास. किती मायेनं विचारलंस! मोबाईल माईकपाशी धरून शिट्टी ऐकवलीस.

“हे कोण बोलायलंय?”

“तांबडा,” मी म्हटलं.

“नक्की?”

“तुला कळंना का रे? शिकायला कुठं गेलतास?”

लोक हसले. माझ्या बाजूनं हसले, ते शेवटचं. कारण मग तू पडद्यावर चित्रफीत लावलीस. आधी तूच दिसलास, माळावर उभा, दोन बोटं तोंडात घालून अप्पाची शिट्टी घालताना. मग समोरच्या दगडावर एक पाखरू. मातकट अंग, उंच तुरा, छातीवर गडद रेघा. त्यानं चोच उघडली आणि तुला शिट्टी परत दिली.

तो भुरा होता.

“हा भुरा चंडोल,” तू सगळ्यांना सांगितलंस. “युरोपपासून चीनपर्यंत कुठंही बघा. बिदरच्या रेल्वे यार्डातबी सापडतो. अक्काचा जरा गैरसमज झाला.”

आणि बसलास.

मागून कुणीतरी शिट्टी घातली. मग पुढून. मग पोरंटोरं, मग बापेही. आपले ग्रामपंचायतीचे अध्यक्ष रामकिशनअण्णा, जे सकाळपर्यंत माझ्या बाजूचे होते, रुमालानं मान पुसत म्हणाले, “जगदेवी, पाखराचंच खरं न्हाई, तर बाकीचं कामून खरं मानावं?”

माझ्यापुढं माईक होता, अनिल, आणि मला बोलता आलं नाही.

आता नीट वाच. मला चुकीची ठरवलंस याचा राग नाही. मी चुकले. शिट्टी भुऱ्याची आहे. पाखरू आभाळात ठिपक्याएवढं असतं आणि मला तो ठिपका तांबडा हवा होता. राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे. गेल्या महिन्यात तू मला माळावर कशाला नेलं होतंस ते आठव. “अक्का, वाकून चल,” म्हणालास. एका चपट्या दगडाच्या सावलीला, गवताच्या खुंटाशी, ओंजळभर खळगा होता आणि त्यात ठिपक्यांची अंडी होती. जरा अंतरावर ते विटेच्या रंगाचं पाखरू अस्वस्थ होऊन पळत होतं. तू कानाशी म्हणालास, “ह्यो तांबडा. आपला.” मी म्हटलं, फोटो पाठव. तू म्हणालास, “न्हाई, फोटो फिरला की लोक घरट्यावर पाय ठेवतेत.” मला तुझा केवढा अभिमान वाटला. घरी येऊन मायला सांगितलं, आपला अन्या अप्पावर गेलाय.

काल तू तांबड्याचं नावसुद्धा घेतलं नाहीस.

जगदेवी

•

औराद, २० एप्रिल

अनिलकुमार,

तू उत्तर लिहिलं नाहीस, श्रीदेवीकडून फोन करवलास. बिचारी कलबुर्गीच्या तुमच्या गच्चीवर जाऊन बोलत होती, आत तू असशील म्हणून. म्हणाली, “अक्का, ते म्हणायलेत, मी खोटं काय बोललो? भुरा व्हता, भुरा म्हणलो. तांबड्याबद्दल कुणी विचारलंच न्हाई.”

कुणी विचारलं नाही!

अरे, मेंढरांच्या वाड्यात लांडगा शिरला तर राखण करणारा असं म्हणतो का, की कुणी विचारलं नाही? तुला मोजणीला नेमलं होतं. मोजणी म्हणजे न विचारता सांगायचं काम. विचारल्यावरच सांगायचं असेल तर गावात पोपटवाले पुष्कळ आहेत.

श्रीदेवी आणखी एक बोलली. मला शिट्टीची चूक झाली आहे हे तुला दोन वर्षांपासून माहीत होतं. दोन वर्षं! उदगीरच्या सभेत मी तांबड्याच्या शिट्टीवर बोलले तेव्हा तू पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होतास. भालकीत वाजवल्यास. एकदाही म्हणाला नाहीस, “अक्का, जरा थांब.” चूक वाढू दिलीस, पोसलीस, आणि कापायच्या दिवशी बाहेर काढलीस. बोकडाचं करतात तसं.

तू शिकलेला आहेस म्हणून शिकल्यासारखं बोलू. मीही वाचलंय. वाचनालयाची चावी माझ्याकडंच असते आणि तू आणून टाकलेली पक्ष्यांची जाड पुस्तकं माझ्याशिवाय तिथं कुणी उघडत नाही.

भुरा मोठा. मातकट, लांब चोचीचा, तुरा कायम ताठ, छातीवर ठळक रेघा. त्याला काहीही चालतं. नांगरलेलं रान, खळं, रस्त्याची कड, वीटभट्टीची राख. अरबस्तानच्या वाळूत तो आहे आणि बर्फ पडणाऱ्या मुलखातही आहे. तांबडा त्याहून थोडा लहान. भाजलेल्या विटेसारखा. तुरा आखूड, छातीवरच्या रेघा इतक्या बारीक की दुर्बीण नसली तर नाहीतच म्हणावं. त्याला खडकाळ माळ लागतो, घोट्याएवढं विरळ गवत लागतं. माळ नांगरला की तो जातो. माळाला पाणी आलं तरी जातो. वनखात्यानं खड्डे खणून रोपं लावली, त्यांचे फोटो काढले, तरी जातो. आणि जाणार कुठं? भुऱ्याला अर्धं जग आहे. तांबड्याला हाच मुलूख.

आता तुझी ती यादी. जगातल्या सगळ्या पाखरांची यादी करतात, कोण संपत आलंय, कोण धोक्यात आहे, कोण बरं आहे. तूच मला ती मोबाईलवर दाखवली होतीस. या दोघांपुढं तिच्यात एकच शेरा आहे: चिंता सर्वांत कमी. यादी करणाऱ्यांशी माझं भांडण नाही. त्यांना सगळं जग बघायचं असतं, आणि तिथून बघितलं तर तांबडे अजून बरेच असतील. पण चिंता कमी म्हणजे परवानगी दिली, असं त्यांनी कुठं लिहिलंय? घरातलं माणूस आजारी नाही म्हणून कुणी त्याचं अंथरूण काढून घेतं का?

जो जगभर पसरलाय त्याचा एक माळ गेला तर एक माळ गेला. जो एवढ्याशा मुलखात राहतो त्याचा एकेक माळ म्हणजे घरातली एकेक खोली. खोल्या पडत जातात आणि लांबून घर उभंच दिसतं. एक दिवस दिसत नाही, मग शेरा बदलतात. शेरा बदलावा म्हणून त्यानं आधी मरून दाखवायचं, असा हा न्याय. हे मी तुझ्या तोंडून ऐकलं होतं, अनिल! धारवाडहून पहिल्या सुट्टीला आलास तेव्हा, बाभळीखाली बसून, हातवारे करत. मला वाटलं होतं, माझ्यापेक्षा मोठा वक्ता घरात तयार होतोय.

परवा रागाच्या भरात मी मायच्या शेजारच्या शांतम्माला म्हणाले, माझा भाऊ भुरा निघाला, कुठंही रुजतो. मग माझीच मला लाज वाटली. भुऱ्यानं कुणाचं काय बिघडवलंय? तो जे ऐकतो ते बोलतो. अर्धं गिळत नाही.

तर ऐक. अठरा मेला ग्रामसभा आहे. माळ द्यायचा की नाही याचा ठराव तिथं होईल आणि मोजणी केलेला माणूस म्हणून तुला बोलावणार आहेत. कुणी विचारलं नाही म्हणतोस ना? मी विचारीन. शब्दांचा फुलोरा नाही, एकच प्रश्न: तांबडा आहे की नाही?

तू लपवशील. वळसे घेशील. पण तोंडावर विचारल्यावर खोटं बोलणार नाहीस. या एका गोष्टीवर मी अजूनही पैज लावायला तयार आहे.

अक्का

•

औराद, ४ मे

अनिलकुमार,

कमलनगरच्या बस थांब्यावर माझं स्वागत कसं होतं सांगू? मी उतरले की एक शिट्टी वाजते. कोण वाजवतो कळत नाही, सगळेच आभाळाकडं बघत असतात. चहावाला म्हणतो, “अक्का, तो तारंवरचा कावळा कुणाच्या बापाची शिट्टी मारायलाय, जरा ओळखा की.” मी म्हटलं, “तुझ्या बापाची असती तर त्यानं उधारी मागितली असती.” लोक हसले. जीभ परत आली आहे, काळजी करू नकोस. पण घरी येऊन दार लावलं की गाल जळतात.

मायला मी सभेतलं काही सांगितलं नव्हतं. तिचे गुडघे धरलेले, ती आली नव्हती, ते बरंच झालं असं वाटत होतं. पण औरादहून गावाला जाऊन तिच्यापुढं बसले तर म्हणाली, “मला बघून पोरं शिट्ट्या कामून मारायलेत गं?” मग सगळं सांगावं लागलं. तुझी चित्रफीत गावच्या ग्रुपवर फिरतेच आहे. माझ्या मोबाईलवर लावली.

ती बघत नव्हती, ऐकत होती. तुझी शिट्टी झाली, भुऱ्याची झाली.

“पुन्हा लाव.”

लावली.

“त्या पाखराचीच लाव. अन्याची नगं.”

मग तिनं पदर तोंडावर घेतला आणि तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडते आहे. तुला शिव्या देणार होते तेवढ्यात पदर खाली आला. हसत होती.

“येडी का काय तुम्ही दोघं? ही तुमच्या अप्पाची न्हाई.”

“मग कुणाची?”

“माझी हाय.”

अनिल, मी लहानपणी एकदा शिट्टी मारली होती. बाईनं शिट्टी मारली की घरात दळिद्र येतं म्हणून हिनंच माझ्या पाठीत रट्टा घातला होता. अप्पानं तुला शेजारी बसवून शिकवली आणि मी लांबून बघितलं. म्हणून तर जन्मभर त्या शिट्टीवर भाषणं केली मी. वाजवता येत नव्हती ना! आणि ही बाई मला सांगते की माळावरची शिट्टी तिची आहे.

“तुमचा अप्पा दम्यानं बसला. तू कुठल्या सभंला, अन्या धारवाडला. मेंढरं कुणी वळवायची? त्यांना शिट्टीबिगर काई कळंना. मग म्या माळाच्या पल्याड जाऊन शिकले, कुणी बघू नये म्हणून. पुढचे दात गेल्याले, मधीच हवा निसटायची.”

“अप्पाला माहीत होतं?”

“न्हाई कसं? दमा व्हता, भयरा नव्हता. बाभळीखाली बसून ऐकायचा. एक दिस म्हणला, अनसा, मधी तुटली तर तुटू दे, पण शेवट जरा लांबव. मेंढरं घाबरायलेत.”

तेव्हापासून मी ती चित्रफीत लावतेच आहे. तूही लावून बघ. तुझी शिट्टी सरळ चढत जाते, अप्पाची होती तशी. पाखराची मध्ये तुटते, क्षणभर नुसती हवा, मग पुन्हा धरते आणि शेवट लांबवते. सभेत मला वाटलं, पाखराला नीट येत नसेल. तू काय समजलास कोण जाणे. तूच मला सांगितलं होतंस की चंडोल शेजाऱ्याचं ऐकून शिकतो, पिल्लं थोरांचं ऐकून. म्हणजे मायची शिट्टी माळावर एकाकडून दुसऱ्याकडं जात राहिली, दातांच्या फटीसकट. तू अप्पाची शिट्टी घातलीस आणि त्या पाखरानं तुला मायची परत दिली. माईकवर, पडद्यावर, अख्ख्या गावापुढं. ज्या आवाजानं तू मला खाली बसवलंस तो तुझ्या आईचा होता. आणि आपण दोघांनीही तो ओळखला नाही.

आता ती ग्रामसभेला येणार म्हणते. गुडघ्याला तेल चोळून घेते आहे. मी म्हटलं, प्रश्न मी विचारणार आहे. तर म्हणाली, “तू विचारलीस की भाषण होतंय. म्या विचारते.”

ये, बाबा. तिच्यासाठी तरी सरळ उत्तर देऊन जा.

अक्का

•

औराद, १९ मे

अनिलकुमार,

तू तिथं होतास. तरी लिहिते, कारण तू खाली बघत होतास आणि बरंच काही तुला दिसलं नसेल.

रामकिशनअण्णांनी ठराव वाचला: सदर माळावर विशेष असा कोणताही पक्षी अथवा प्राणी आढळून आलेला नाही. ‘आढळून आलेला नाही’ वाचताना ते अडखळले आणि तुझ्याकडं बघून पुढं गेले. मी उठले. एवढंच म्हटलं की शिट्टी भुऱ्याची आहे, माझी चूक होती, आणि आता माझी आई एक प्रश्न विचारेल. मी इतक्यात बसले याचं लोकांना आश्चर्य वाटलं.

माय काठी टेकत उठली तशी मागून शिट्टी आली. ती वळली.

“मधी तुटाया पायजे,” म्हणाली. “तुला जमंना. दात पाड, मग ये.”

काय हसले लोक! बऱ्याच दिवसांनी आमच्या बाजूनं. तूही हसलास, मी बघितलं. तुझ्याशेजारी कंपनीचा तो चष्मेवाला माणूस होता, त्याला मराठी येत नव्हती, तो तुला विचारत होता की काय झालं. त्या क्षणी मला खात्री होती, अनिल. मला वाटलं, पैज जिंकले.

“अन्या, उभा ऱ्हा.”

तू उभा राहिलास.

“तू माळ मोजलास. खडान्‌खडा बघितलास. मला सांग, तांबडा हाय का न्हाई माळावर?”

किती सोपा प्रश्न होता. भुरा कुठला, शिट्टी कुणाची, यादीत काय, काही नाही. आहे की नाही. तू चष्मेवाल्याकडं बघितलंस. मग पायाकडं.

“इल्ला, अव्वा,” म्हणालास.

कानडीत. कानडीला मी बोल लावत नाही. ती आपलीच भाषा आहे, शांतम्माच्या चुलीपाशी बसून आपण दोघं ती शिकलो. पण घरात मायशी तू कधी तिच्यात बोलला नाहीस. ती साहेबांची म्हणून तू बाहेर ठेवलीस, आणि काल आत आणलीस. मराठीत तोंडातून निघेना म्हणून.

मायला कळलं. म्हणाली, “म्या मराठीत विचारायले. मराठीत सांग.”



“न्हाई,” तू म्हणालास.

“बरं,” माय म्हणाली आणि बसली.

बरं. एवढंच. मी आयुष्यात ऐकलेलं सर्वांत लहान भाषण.

मग माळ द्यायच्या बाजूनं हात वर झाले. आपल्या भावकीचे झाले, शांतम्माच्या घरचे झाले नाहीत. रामकिशनअण्णांनी माझ्याकडं बघत हात वर केला, अर्धाच, पण मोजणाऱ्यानं पूर्ण धरला. त्यांना मी काय म्हणू? पिराप्पाचा मुलगाच नाही म्हणतो, तर त्यांनी कुणाचं ऐकायचं?

मी विचार करत होते, तुला कशाची भीती आहे. नोकरीची असेल. कलबुर्गीतल्या घराची असेल. माणसाला अशा भीती असतात आणि त्यांच्यापायी माणसं गप्प बसतात, हे मला समजतं. गप्प बसला असतास तर मी जन्मभर तुझी वकिली केली असती. मायला म्हटलं असतं, त्याची जीभ बांधली आहे, मन नाही. तू तेवढीही जागा ठेवली नाहीस. मी लोकांना सांगत आले की सत्य विचारलं तर माणूस सत्य सांगतो, फक्त विचारायला कुणीतरी उभं राहावं लागतं. हे मी शेकडो सभांत बोलले आहे. काल विचारायला तुझी आई उभी होती.

घरी परतताना तिला धरून चालवत होते. मला वाटलं, आता काही बोलेल. पिंपळापाशी थांबली, दम खाल्ला आणि म्हणाली, “अंडी मार्चात व्हती म्हणलीस न्हवं? मग पिल्लं उडाली असतील.”

जगदेवी

•

औराद, ८ जून

चि. अनिलकुमार,

‘चि.’ लिहिलं आहे. तू पुष्कळ जगावंस असं अजूनही वाटतं. त्यातून आणखी काही अर्थ काढू नकोस.

माळावर सिमेंटचे खांब उभे राहिले. तार अजून आलेली नाही. कलबुर्गीला हायकोर्टातल्या एका वकिलांना भेटून आले. तुमच्या गल्लीवरूनच रिक्षा गेली. वकील म्हणाले, साक्षीदार लागतील, माळावर तांबडा बघितलेला जाणकार माणूस लागेल. “तुमचे बंधू?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दुसरा शोधते. तुझं नाव साक्षीदारांत घातलेलं नाही. तुला पुन्हा उभं करून पुन्हा तेच ऐकायची ताकद माझ्यात आहे. मायला नाही ऐकवणार.

परवा ती म्हणाली, मला माळावर ने. सकाळी उन्हं चढायच्या आत नेलं. खांब रोवणारी माणसं कुठल्याशा दुसऱ्या राज्यातली होती, न्याहारी करत बसली होती. त्यांच्यासमोर, दिवसाढवळ्या, मायनं दोन बोटं तोंडात घातली आणि शिट्टी मारली. मध्ये तुटली. हवा निसटली. मग धरली आणि शेवट लांबवला. इतकी वर्षं पल्याड जाऊन मारलेली शिट्टी, अलीकडं उभं राहून. एका मजुराच्या हातातली पोळी तशीच राहिली.

भुऱ्यानं लगेच उत्तर दिलं. नव्या खांबावर बसून. त्याला खांबही चालतो. मायनं पुन्हा मारली, त्यानं पुन्हा दिली. तो तिथं राहील, अनिल. काचेच्या तावदानांखालीही राहील, वर बसून गाईल, आणि तुमच्या पुढच्या मोजणीत ‘पक्षी आहेत’ असं लिहिता येईल.

तांबडा शोधायला आम्ही बाभळीपर्यंत गेलो. तुझा तो चपटा दगड उलथलेला आहे, खांबाला पाचर म्हणून वापरलाय. मी परतायचं म्हणत होते, पण माय थांबली आणि तिनं काठी पुढं केली. दोन खांबांच्या मधल्या मुरमावर काहीतरी हललं. शिट्टी ऐकून तो आला नव्हता, त्याला ती येत नाही. आपल्या कामानं आला होता. चोचीत किडा होता. थोडा पळाला, थांबला, आमच्याकडं बघितलं आणि त्या किड्यासकट खडकाआड गेला. चोचीतला किडा कुणासाठी असतो हे तूच मला शिकवलंस.

मी फोटो काढला. हात हलला आहे. बघणाऱ्याला विटेचा तुकडा वाटेल. तरी वकिलांना देणार आहे.

काल श्रीदेवीचा फोन आला. म्हणाली, “अक्का, हे सारखं विचारायलेत, माय माझ्याबद्दल काय म्हणायली?” माय समोरच होती, शेंगा फोडत. मी काही न बोलता फोन तिच्यापुढं धरला. तिनं हात पुसले, फोनकडं बघितलं, आणि पुढची शेंग उचलली.

श्रीदेवीला मी खरं ते सांगितलं. तुझ्याबद्दल मायनं काही विचारलं नाही.

जगदेवी